पूर्वेचा मोती आणि ग्वाल्हेरचे माधवराव



शारजाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या मोटारगाड्यांचे एक सुंदर संग्रहालय आहे. २००८ साली ते सुरू झाले. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी सुट्टीची एखादी संध्याकाळ मुलांना घेऊन तिथे काढली असेल. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, ही गाडी किती जोरात पळायची? आणि थोड्या वेळाने दुसरा, की तेव्हा आपल्या महाराष्ट्रात अशा गाड्या होत्या का? या दुसऱ्या प्रश्नावर आपण बहुतेक वेळा काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन आईस्क्रीमकडे वळतो! म्हणून या वेळी त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे असे मनात आले.

होत्या. नुसत्या होत्या असे नाही, तर १९०८ साली इंग्लंडहून आलेल्या एका रोल्स-रॉइसने मुंबई ते कोल्हापूर अशा चाचणी-स्पर्धेत भाग घेतला होता. सहा घाट आणि ६२० मैल! त्या गाडीचे नाव होते 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे पूर्वेचा मोती. आणि स्पर्धा झाल्यावर ती ज्यांनी विकत घेतली ते होते ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. इंग्रजी कागदपत्रांत सिंदिया, हिंदीत सिंधिया, पण मुळात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे शिंदे.

हे माधवराव आपल्याला फारसे माहीत नसतात. महादजी शिंदे आपण शाळेत शिकतो, पुण्याला वानवडीची छत्री पाहतो, आणि नंतर एकदम आजच्या राजकारणातले शिंदे वर्तमानपत्रात भेटतात. मधले माधवराव राहून जातात. फार तर एक गोष्ट सांगितली जाते ती चांदीच्या खेळण्यातल्या आगगाडीची. तिच्याबद्दल पुढे सांगतोच, पण तेवढ्यावर या माणसाची बोळवण करणे मला काही पटत नाही.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव १८८६ च्या जूनमध्ये वारले तेव्हा मुलगा जेमतेम नऊ वर्षांचा होता. नऊ वर्षांचा राजा म्हणजे कारभार मंडळाच्या हाती आणि मंडळावर नजर इंग्रजांची, हे ओघानेच आले. ग्वाल्हेरचा प्रसिद्ध किल्लाही इंग्रजांनी त्याच सुमारास, झाशीच्या बदल्यात, शिंद्यांना परत दिला होता. घरात पैशाला तोटा नव्हता. शिंद्यांच्या तळघरांतल्या खजिन्याला 'गंगाजळी' म्हणत. (आज आपण वर्तमानपत्रात परकीय चलनाची गंगाजळी वाचतो तोच हा शब्द.) अडीअडचणीसाठी पिढ्यान् पिढ्या साठवलेला पैसा, त्याला सहसा हात लावायचा नाही अशी रीत.

१८९४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, कारभार माधवरावांच्या हाती आला. तरुण राजा, भरलेला खजिना आणि सल्ला द्यायला इंग्रज रेसिडेंट. अशा परिस्थितीत बाकीच्या अनेक संस्थानिकांचे काय झाले ते आपण जाणतोच. शिकार, नाच, पॅरिस, कर्ज. शिकार माधवरावांनीही भरपूर केली, थट्टामस्करीचा तर त्यांना नादच होता, पण त्यांचे खरे वेड वेगळे होते. ते वेड होते यंत्रांचे.

पहिली आली आगगाडी. मोठ्या रेल्वेमार्गापासून दूर असलेली गावे जोडण्यासाठी त्यांनी दोन फुटी अरुंद रुळांची रेल्वे बांधायला घेतली. १८९९ पासून ग्वाल्हेरहून भिंड आणि शिवपुरीच्या बाजूला ती धावू लागली, आणि पुढच्या दहा वर्षांत जंगलातून वाट काढत श्योपुरपर्यंत पोचली. नुसते ग्वाल्हेर ते श्योपुर अंतरच जवळजवळ २०० किलोमीटर. महाराज स्वतः इंजिनावर चढून गाडी चालवत असे सांगतात, आणि त्यांचा एकंदर स्वभाव पाहता ते खोटे वाटत नाही.

आता ती चांदीची गाडी. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले आहेत. त्यावरून चांदीची छोटी विजेची आगगाडी फिरायची. डब्यांवर काचेची पात्रे, कशात पेय, कशात विडीकाडी. पाहुण्याने पात्र उचलले की गाडी थांबायची, परत ठेवले की पुढे निघायची. पाहुणे खूश! आज राजवाड्याच्या संग्रहालयात लोक तिच्यासमोर गर्दी करतात. गंमत अशी की माणूस आठवणीत राहिला तो या टेबलावरच्या गाडीमुळे, आणि ज्या खऱ्या गाडीने तीन जिल्ह्यांतले शेतकरी शंभर वर्षांहून जास्त काळ बाजाराला गेले, तिचे नाव क्वचितच कोणी घेतो.

१९०० साली चीनमध्ये बॉक्सर बंड झाले. इंग्रजांच्या फौजा तिकडे निघाल्या तेव्हा माधवरावांनी 'ग्वाल्हेर' नावाचे इस्पितळ-जहाज सज्ज करून दिले आणि स्वतःही चीनला गेले. चोवीस वर्षांचा राजा समुद्रापार लढाईवर जातो ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. इंग्रजांनी त्यांना मानसन्मान दिले. माधवराव इंग्रजांशी एकनिष्ठ होते, आणि ही निष्ठा त्यांनी कधी लपवली नाही.

आता जरा विलायतेकडे वळू, कारण आपल्या गोष्टीतली गाडी तिथे तयार होत होती.

मोटारींच्या शर्यतींत सुरुवातीला फ्रेंचांचे राज्य होते. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्त्यावर शर्यत घ्यायला बंदीच होती. १९०२ साली नेपियर कंपनीच्या गाडीतून सेल्विन एज याने गॉर्डन बेनेट करंडक जिंकला आणि इंग्रजी गाड्यांचे नाव झाले. पुढल्या वर्षीची शर्यत इंग्लंडात घेता येईना म्हणून आयर्लंडमध्ये घेतली. आयर्लंडच्या मानाखातर इंग्रजी गाड्या हिरव्या रंगात रंगवल्या गेल्या. शर्यतीच्या इंग्रजी गाडीचा रंग हिरवा ही प्रथा तेव्हापासूनची. २००९ पासून अबुधाबीला यास मरीनावर फॉर्म्युला वन पाहायला जाणाऱ्या मंडळींना हा तपशील उपयोगी पडेल!

चार्ल्स रोल्स हा सरदारपुत्र याच शर्यतवेड्यांपैकी एक. जन्म १८७७ चा, म्हणजे आपल्या माधवरावांपेक्षा एका वर्षाने लहान. त्याचा भागीदार हेन्री रॉइस गरिबीतून वर आलेला, हाताला काळे लागल्याशिवाय चैन न पडणारा कारागीर. १९०६ साली आयल ऑफ मॅनच्या टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत रोल्सने स्वतः रोल्स-रॉइस चालवून पहिला क्रमांक मिळवला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी नवी गाडी दाखवली. सहा सिलिंडर, सात लिटरचे इंजिन, आणि शक्ती साधारण ४८ अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने शक्ती अगदीच कमी, कारण आपल्याकडच्या साध्या छोट्या गाडीचे इंजिनसुद्धा यापेक्षा जास्त जोर देते. पण त्या काळात सात लिटरचे इंजिन न कुरकुरता, न थरथरता चालणे हाच चमत्कार होता.

१९०७ साली यातल्या एका गाडीला चंदेरी रंग देऊन 'सिल्व्हर घोस्ट' असे नाव ठेवले गेले. स्कॉटलंडच्या चढउतारांवरच्या चाचणीत ती उतरली, आणि नंतर बिघाडामुळे न थांबता चौदा हजारांवर मैल धावली. तेव्हाची स्पर्धा दोन तऱ्हेची असे. एक नुसती वेगाची. दुसरी भरवशाची, म्हणजे लांबचा खडतर रस्ता ठरवायचा आणि गाडी वाटेत बिघडून किती वेळा थांबते ते मोजायचे. आपल्याला आज पहिली जास्त थरारक वाटेल. पण १९०७-०८ सालच्या माणसाला खरा प्रश्न हाच होता, की ही बिनघोड्याची गाडी आपल्याला घरी परत आणेल का?

हिंदुस्थानात तर या प्रश्नाला फारच धार होती. १९०४ च्या अखेरीस दिल्ली ते मुंबई अशी एक मोठी मोटार-चाचणी झाली होती. त्या वाटेने किती हाल झाले असतील याची कल्पना करायला मुंबई-आग्रा रस्त्याने पावसाळ्यात एकदा प्रवास केलेला पुरे. हा जुना मुंबई-आग्रा रस्ता ग्वाल्हेर संस्थानातून जात होता, हेही लक्षात ठेवा. पेट्रोलचे पंप नव्हते, डब्यांतून पेट्रोल बरोबर न्यायचे. रस्ता खडी-मातीचा. बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, आणि बैलांच्या नालांचे खिळे रस्ताभर पडलेले. टायर किती टिकणार?

अशा परिस्थितीत १९०८ साली मुंबई-कोल्हापूर स्पर्धा झाली आणि 'पर्ल ऑफ द ईस्ट' तीत उतरली. मंडळी, कोल्हापूरची वाट आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. मुंबईहून निघाले की खोपोलीनंतर बोरघाट. पुण्यानंतर कात्रज. शिरवळ सोडले की खंबाटकी. साताऱ्यापुढे कऱ्हाड, मग कोल्हापूर. आज मुंबईहून कोल्हापूर साधारण ३८० किलोमीटर भरते, म्हणजे जाऊन-येऊन साडेसातशेच्या वर. ६२० मैल म्हणजे जवळजवळ १००० किलोमीटर. तेव्हा वाट वाकडी करून मुद्दाम घाट गाठलेले दिसतात. परीक्षाच घ्यायची तर पुरती घ्यावी, दुसरे काय!

घाटात मोटारीची खरी कसोटी लागते ती दोन ठिकाणी. चढताना इंजिन तापते, रेडिएटरमधले पाणी उकळू लागते, आणि पाणी ओतायला थांबावे लागते. उतरताना ब्रेक तापतात. त्या काळी पुढच्या चाकांना ब्रेक नसत, फक्त मागच्या चाकांना असत. दीड-दोन टनांची गाडी, मागच्या दोन चाकांचे ब्रेक आणि खाली बोरघाटाची दरी! लहानपणी एस.टी.तून खंबाटकी उतरताना आपण डोळे मिटून घेतले असतील, त्यांना वेगळे सांगायला नको. या गाडीने ती वाट, ते सहाही घाट पार केले आणि नाव काढले. रोल्स-रॉइसचा हिंदुस्थानातला बाजार उघडला तो या सह्याद्रीच्या घाटांनी. पुढे राजेरजवाड्यांनी रोल्स-रॉइसच्या रांगा लावल्या, आणि त्यांच्या सोन्यारुप्याच्या कथा आपण रंगवून ऐकतो. पण सुरुवात झाली ती मखमली गादीने नव्हे, तर न उकळलेल्या रेडिएटरने.

आणि मला या प्रवासातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की कोल्हापूरची वाट सातारा जिल्ह्यातून जाते. कोरेगाव तालुक्यातले कण्हेरखेड तिथून काही फार लांब नाही. राणोजी शिंदे याच गावच्या पाटील घराण्यातले. अठराव्या शतकात ते बाजीरावांबरोबर उत्तरेत गेले आणि वंशज तिकडचे राजे झाले. पावणेदोनशे वर्षांनी ज्या गाडीने या मुलखाचे घाट तुडवले, ती त्यांच्याच वंशजाने घेतली. योगायोगच, पण गोड आहे. (त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज होते, माधवरावांपेक्षा फक्त दोन वर्षांनी मोठे.)

आता १९०८ हे साल पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. गिरणी कामगार रस्त्यावर आले. घराघरांत स्वदेशीचे वारे, विलायती कापडाच्या होळ्या. आणि त्याच वर्षी एक मराठा राजा विलायती मोटार विकत घेतो! आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी त्या वेळी केसरी वाचत असतील, तर त्यांना हे मुळीच आवडले नसेल.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली होती. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना म्हणून टाटांनी हिंदी लोकांपुढे हात पसरले, आणि स्वदेशीच्या त्या वातावरणात तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल लहानमोठ्या हिंदी भागधारकांनी उभे केले. पुढे कारखाना चालवायला खेळते भांडवल हवे होते. त्यासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले गेले. ते सगळेच्या सगळे एकाच माणसाने घेतले. तो माणूस म्हणजे माधवराव शिंदे! जमशेदपूरला १९१२ साली पोलाद ओतले गेले, त्यात ग्वाल्हेरच्या गंगाजळीचा पैसा होता.

म्हणजे विलायती मोटार घेणारा आणि स्वदेशी पोलादाला भांडवल पुरवणारा माणूस एकच. मला वाटते माधवरावांना यात विसंगती दिसतच नसावी. ज्याला चांगले यंत्र कळते त्याला ते यंत्र कशाचे बनते हेही कळते. गाडी ते इंग्रजाकडून घेतील, पण पोलाद आपल्याकडे व्हावे असे त्यांना वाटले असेल. अर्थात हा माझा तर्क.

तिकडे चार्ल्स रोल्सला मोटारींपेक्षा विमानांनी झपाटले. १९१० च्या जूनमध्ये त्याने इंग्लिश खाडी न थांबता दोन्ही वेळा ओलांडली आणि पुढच्याच महिन्यात, १२ जुलैला, बोर्नमथला त्याचे विमान मोडून पडले. वय ३२. गाड्या मात्र सुधारत राहिल्या. १९१२ साली आल्प्समधल्या एका चढावर रोल्स-रॉइस अडकली, कंपनीची नाचक्की झाली, तेव्हा गिअर तीनाचे चार करून १९१३ साली ती परत तिथे गेली आणि आल्प्स जिंकून आली. आणि आपण ज्या भूमीत राहतो त्या अरबस्तानाशीही या गाडीचे नाते आहे. पहिल्या महायुद्धात याच सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर चिलखत चढवून केलेल्या मोटारी हेजाझच्या वाळूत धावल्या. लॉरेन्सच्या मोहिमांत त्या होत्या. बोरघाट, आल्प्स आणि वाळवंट! वीकएंडला वाळूत गाडी घालून रुतवून बसणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी जरा मनावर घ्यावे.

ग्वाल्हेरला परत येऊ. १९११ साली दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला. त्याच सुमाराला माधवरावांचा बडोद्याच्या सयाजीरावांची कन्या इंदिराराजे यांच्याशी विवाह ठरला होता. ग्वाल्हेरला तयारीही सुरू झाली होती. थोरल्या राणीसाहेब चिंकूराजे यांना मूल नव्हते. पण इंदिराराजेंचे मन कूचबिहारच्या राजपुत्रावर जडले होते. त्यांनी स्वतः हे लग्न मोडले आणि १९१३ साली लंडनला आपल्या पसंतीने विवाह केला. साऱ्या हिंदुस्थानात चर्चेचा विषय झालेले हे प्रकरण. चाळिशीकडे झुकलेल्या राजाला तो मोठाच धक्का असणार. पुढे गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मुलगी कमलाराजे आणि १९१६ साली मुलगा जिवाजीराव. इंग्लंडच्या राजा-राणीवरून मुलाला जॉर्ज आणि मुलीला मेरी हीही नावे दिली होती. मेरी कमलाराजे आणि जॉर्ज जिवाजीराव! राजनिष्ठेची ही हद्द आज वाचताना आपल्याला जरा अवघडल्यासारखे होते.

आणि या राजनिष्ठेतून जे निघाले ते मात्र फारच वेगळे होते.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा माधवरावांनी पुन्हा एक जहाज घेतले. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे 'एम्प्रेस ऑफ इंडिया', १८९१ पासून प्रशांत महासागरात चालणारे नावाजलेले प्रवासी जहाज. जखमी हिंदी शिपायांसाठी त्याचे इस्पितळ-जहाज केले आणि नाव ठेवले 'लॉयल्टी', म्हणजे निष्ठा. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ते विकायला काढले. घेणारे होते आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे भागीदार नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळी. त्यांनी हिंदी मालकीची जहाज कंपनी काढली आणि जहाज ज्यांच्याकडून घेतले त्या महाराजांच्या नावावरून तिला नाव दिले, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. भारतात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून १९६४ पासून पाळतात तो त्या दिवसाची आठवण म्हणून.

इंग्रजांवरच्या निष्ठेचे नाव धारण केलेले जहाज इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी मोडायला निघाले! ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनसारख्या बलाढ्य कंपनीने भाडी पाडून सिंदियाला जेरीला आणायचा पुष्कळ प्रयत्न केला. ही ब्रिटिश इंडिया म्हणजे तीच, जिच्या 'दुमरा', 'द्वारका' या बोटींनी आपली जुनी मंडळी मुंबईहून दुबईला आली. 'द्वारका' १९८२ पर्यंत चालू होती. डेकवर पथारी पसरून केलेल्या त्या प्रवासाच्या आठवणी मंडळाच्या ज्येष्ठांकडून आपण ऐकल्याच आहेत. 'लॉयल्टी' स्वतः मात्र फार चालली नाही. जुनी झाली होती, १९२३ मध्ये भंगारात गेली. पण सिंदिया टिकली, वाढली. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, जिची पद्मिनी तुमच्या-आमच्या वडिलांनी घासूनपुसून ठेवली आणि जिने मुंबईची टॅक्सी घडवली.

माधवरावांचे सगळेच काही साधले नाही. ग्वाल्हेरजवळ तिघरा येथे त्यांनी मोठे धरण बांधून घेतले. १९१७ च्या पावसाळ्यात ते फुटले. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरत गेले आणि भिंत उखडली. खालच्या गावांवर लोंढा गेला. मोटार बिघडली तर आपण खाली उतरून बॉनेट उघडतो, धरणाला ती सोय नसते. यंत्रांवर आणि बांधकामांवर श्रद्धा असलेल्या राजाला हा घाव मोठा होता. धरण पुन्हा बांधले गेले आणि ग्वाल्हेर शहर आजही त्या तलावाचे पाणी पिते.

त्यानंतरच्याच वर्षी, १९१८ साली, त्यांनी पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू केले. ग्वाल्हेर घराण्याचे गाणे राजवाड्यातून शाळेच्या बाकावर आले. ही गोष्ट मला आपल्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. ग्वाल्हेरची मराठी माणसे म्हणजे एका अर्थाने आपल्यासारखीच, पोटासाठी आणि पराक्रमासाठी घर सोडून गेलेली. त्यांना तिकडे अडीच-पावणेतीनशे वर्षे झाली. गणपती बसतात, घरात मराठी बोलली जाते. कवी भा. रा. तांबे ग्वाल्हेरचेच राजकवी. दुबई-अबुधाबीत आपल्याला अजून पन्नास-साठच वर्षे होत आहेत, आणि आपली तिसरी पिढी मराठीत उत्तर देईल की इंग्रजीत, ही चिंता आपल्या प्रत्येक कार्यक्रमात निघते.

माधवराव फार जगले नाहीत. ५ जून १९२५ रोजी पॅरिसला त्यांचे निधन झाले. वय ४८. मुलगा जिवाजीराव अजून नऊ वर्षांचाही पुरता नव्हता. म्हणजे वडील गेले तेव्हा माधवराव जेवढे होते जवळजवळ तेवढाच. पुन्हा लहान राजा, पुन्हा कारभारी मंडळ. शिवपुरीला, आई सख्याराजे यांच्या छत्रीसमोर, माधवरावांची संगमरवरी छत्री आहे. शिवपुरीचे अभयारण्य त्यांच्याच नावाने माधव राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते.

त्यांची अरुंद रुळांची रेल्वे श्योपुरपर्यंत २०२० च्या मार्चपर्यंत धावत होती. टपावर माणसे बसलेली, दर स्टेशनावर रेंगाळणारी, २०० किलोमीटरला अर्धा दिवस घेणारी. त्या महिन्यात टाळेबंदीसाठी थांबली ती थांबलीच. आता तिच्या जागी रुंद रूळ टाकले जात आहेत. टेबलावरची चांदीची गाडी मात्र जयविलासमध्ये आहे तशी आहे.

पुढच्या भारतवारीत पुण्याहून कोल्हापूरला निघालात, तर खंबाटकी उतरून साताऱ्याजवळ आल्यावर डाव्या हाताला कोरेगावची वाट फुटते. तासाभराची वाकडी वाट होईल, पण मुलांना कण्हेरखेड दाखवून आणता येईल. आणि घाटात गाडीचा ए.सी. दोन मिनिटे बंद करून काचा खाली घेतल्यात तर १९०८ च्या त्या प्रवासाची थोडीशी कल्पनाही येईल.